चाळीस शिपायांचे डोळे

"धरलेला श्वास रेघेत उतरतो. सोड, आणि सोडता सोडता ओढ."

बाबांचा हा आवाज मी ऐकला तो भिंतीआडून. पडवीत माझा भाऊ यशवंत मांडीवर गणपती घेऊन बसलेला असायचा आणि बाबा त्याच्या खांद्यामागे उभे. मी आत, चुलीपाशी. ते शिकवणं माझ्यासाठी नव्हतं. आमच्या घरात देवाचे डोळे लेकीला शिकवत नसत. लेक उद्या दुसऱ्या घरी जाणार आणि हात बरोबर घेऊन जाणार. मूर्तीला पांढरा हात द्यायचा, पितांबर भरायचा, सोंडेवरची नक्षी, उंदराची शेपटी, एवढं सगळं माझं. डोळे तेवढे बाबांचे. पेणमध्ये ह्या कामाला आखणी म्हणतात, आणि दामोदर भोईरांनी आखणी केलेला गणपती दुकानात बाकीच्यांच्या आधी उठायचा, हे आमच्या आळीत सगळ्यांना ठाऊक होतं. देव्हाऱ्यात कुठेही ठेवा, तो नमस्कार करणाऱ्याकडेच बघायचा.

यशवंत पुढे कंपनीत लागला, तिकडेच राहायला गेला. त्याला शिकवलेलं त्याच्या बोटांतच वाळून गेलं. मी मात्र आत बसल्या बसल्या श्वास सोडायला शिकले होते. तांदळाच्या पिठात बोट बुडवून पाटावर डोळे काढायची, कुणी यायच्या आत पुसून टाकायची.

मी सत्तावीस वर्षांची होते त्या वर्षीची ही गोष्ट. आईला जाऊन दोन वर्षं झाली होती. घरात मी आणि बाबा, दोघंच. भाद्रपद सरला, विसर्जनं झाली, आणि त्यानंतर बाबांनी बशीतून चहा प्यायचं सोडलं. कप खाली ठेवायचे, वाकून ओठ टेकवायचे. सदऱ्याची बटणं लावायला मी पुढे झाले तर हनुवटी वर करून छताकडे बघत उभे राहायचे, लहान मुलासारखे. मीही बटणांकडेच बघायची. शेजारची काकू एकदा म्हणाली, "दामूभाऊ, हात का हो असा करताय?" बाबा म्हणाले, "चहा जास्त होतो." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी उजवा हात डाव्या काखेत घालून बसायची सवय लावून घेतली.

पौषात नाना वडके एका पाहुण्याला घेऊन आले. नानांच्या कारखान्यात बाबांनी तीस वर्षं आखणी केलेली. पाहुणे पनवेलचे दातांचे डॉक्टर, रेगे नावाचे. गोरे, गुबगुबीत, आणि बोलायला इतके उत्सुक की चपला काढता काढताच सुरू झाले. पिशवीतून त्यांनी बिस्किटांचा जुना डबा काढला आणि सतरंजीवर अलगद पालथा केला.

कापसातून शिपाई घरंगळले. पेरभर उंचीचे, शिशाचे, काळपट. कुणाच्या खांद्यावर बंदूक, कुणी गुडघा टेकलेला, कुणी पाऊल उचलून तसाच थांबलेला. चेहरे होते, पण कोरे.

"हे कोण?" बाबांनी विचारलं.

"नेपोलियनची फौज, काका. जुनी आहे हं, असे साचे आता कुणी ओतत नाही. इंग्लंडात एक म्हातारा वारला, त्याच्या मुलीने पेट्याच्या पेट्या विकायला काढल्या. माझ्या मेव्हण्याने त्यातल्या काही पाठवल्या."

"आणि तुम्ही ह्यांचं काय करणार?"

"लढाई."

नाना हसले. "सांगा, सांगा. मलाही आधी खरं वाटलं नव्हतं."

"आमच्याकडे एक वकील आहेत, सबनीस. दर रविवारी त्यांच्याशी लढतो. टेबलटेनिसच्या टेबलावर हिरवं कापड, त्यावर पुठ्ठ्याच्या टेकड्या, निळ्या रेशमाची नदी. मोजपट्टीने माणसं पुढे सरकवायची, फासे टाकायचे, कोण मेलं ते ठरवायचं. वकिलांकडे इंग्रज, माझ्याकडे फ्रेंच. ते दर महिन्याला फौज वाढवतात, मग मला वाढवावी लागते. आमची बायको म्हणते, दोघांनी एकदाचा तह करा आणि त्या टेबलावर मला पापड वाळवू द्या."

मी तोंडाला पदर लावला. बाबा हसले नाहीत. त्यांनी डाव्या हाताने एक शिपाई उचलला, डोळ्यांपाशी नेला.

"घासलाय कोणी ह्याला?"

"मीच. शिशाची शिवण राहते ना साच्याची, ती दात साफ करायच्या आकड्यांनी काढली. पेशंट तोंड उघडून बसलेला असतो आणि माझा जीव ह्यांच्यात. रंगवायलाही घेतले होते, पण मला ते जमत नाही. आमचा हात पोकळीत चालतो, काका. असा उंचवट्यावर नाही चालत."

"डोळेही काढायचे?"

"निघतील? एवढ्याशा चेहऱ्यावर?"

"डोळे काढायचे नसले तर रंगवायचे कशाला," बाबा म्हणाले.

नाना म्हणाले, "फाल्गुनापर्यंत तसाही देवाच्या आखणीला हात लागत नाही, दामू. तोवर ह्या बाहुल्या कर. बोटं चालती राहतील." ते सहज बोलले. बाबांचा उजवा हात काखेत आणखी आत गेला.

मागून आणखी डबे आले, सगळे मिळून तीनशे एक्केचाळीस शिपाई होते. डॉक्टरांनी आपल्या पुस्तकातली रंगीत चित्रं फाडून दिली होती, कुठल्या पलटणीची कॉलर लाल, कुणाच्या टोपीवर हिरवा तुरा, ते बघायला. आम्ही आमच्याच रीतीने चाललो. आइस्क्रीमच्या काड्यांवर दहा-दहा शिपाई चिकटवले, सगळ्यांना आधी पांढरा हात दिला, मग निळे कोट, मग छातीवर फुलीसारखे आडवेतिडवे पांढरे पट्टे. बुटांवर चढवलेले गुडघ्यापर्यंतचे काळे कापडी गेटर, त्यांची बटणं सुईच्या टोकाने. मला ते आवडायला लागले होते. इतक्या लांबून आलेली माणसं, थंडीतून, समुद्रावरून, आणि आमच्या पडवीत मूर्तींच्या ओळीशेजारी ऊन खात उभी.

पहिल्या चाळीसांचे डोळे बाबांनी काढले तेव्हा मी बाजारात गेले होते. परत आले तो डॉक्टरांचा कंपाउंडर डबा न्यायला आलेला, आणि बाबा सुतळी बांधत होते, दातांनी गाठ ओढत. एक शिपाई डब्यात मावला नव्हता, तो वर कागदात गुंडाळायचा राहिला होता. मी त्याला पाहिलं. एक डोळा जागेवर होता. दुसरा कानाकडे सरकलेला, आणि बुबुळ पांढऱ्यात फुटून कोपऱ्यात जाऊन बसलेलं.

"थंडी आहे," बाबा म्हणाले. मी काही विचारलं नव्हतं.

पेणला कुठली एवढी थंडी. पण मी शाल आणून त्यांच्या पाठीवर टाकली.

पुढच्या चाळीसांना ते बसले तेव्हा मी दाराआडून बघत होते. कुंचली रंगात बुडेपर्यंत हात कसाबसा ऐकायचा. चेहऱ्याजवळ आला की पाण्यात पडलेल्या सावलीसारखा हलायला लागायचा. ते डाव्या हाताने उजवं मनगट धरायचे. पुन्हा, पुन्हा. एक शिपाई खाली ठेवायला पाच-पाच मिनिटं. कपाळावर घाम. दुपारी जेवून ते आडवे झाले की घोरायला लागायचे, दमलेले.

मी टर्पेंटाइनमध्ये काडीला गुंडाळलेला कापूस बुडवला आणि चाळीसही जणांचे डोळे पुसले.

मग मी बसले. आई असताना, बाबा आखणीला बसले की ती आतून एक ओवी म्हणायची, तांदूळ निवडता निवडता, अगदी हळू:

रंगाच्या वाटीमधी सांज उतरली बाई,
देवा, उघड रे डोळे, दिवा लावते तुझी आई.

ती ओवी मनातल्या मनात धरली आणि श्वास सोडत गेले. आधी वरच्या पापणीची रेघ, मग खालची, मग बुबुळ, मग त्यात पांढरा कण. पाटावर पिठाने काढलेले हजारो डोळे माझ्या बोटांत साठून होते. ते त्या दुपारी एकामागून एक खाली उतरले. उठले तेव्हा चाळीस शिपाई माझ्याकडे बघत होते.

संध्याकाळी बाबांनी भिंग घेतलं. एक बघितला, दुसरा बघितला. भिंग खाली ठेवून अंगणात बघायला लागले. म्हटलं, कळलं त्यांना. आता उठतील, बोलतील.

"बरे उतरले," ते म्हणाले. "करताना वाटत नव्हतं."

मी भात टाकायला आत गेले.

असे दहा-बारा दिवस गेले. सकाळी ते काढायचे, दुपारी मी पुसून पुन्हा काढायची, संध्याकाळी ते भिंगातून बघायचे. मला वाटत होतं, एवढी फौज निघून जाऊ दे, मग सांगू. कसं सांगायचं ते मात्र सुचत नव्हतं. आणि बाबा बदलत चालले होते. जेवताना बोलू लागले. हात काखेतून बाहेर आला, मांडीवर उघडा पडून राहू लागला, तसाच हलत. एका संध्याकाळी भिंगातून बघता बघता त्यांनी मला हाक मारली.

"बाय, इकडे ये गो. ह्याचा डावा डोळा बघ. अशी रेघ मी गेल्या सालीही ओढली नव्हती." त्यांचा चेहरा दिव्यासारखा झाला होता. "हा हात नुसता करताना हलतो. रेघ ऐकते अजून. हात परत आला गो माझा."

तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. मी भिंग हातात घेतलं, माझीच रेघ बघितली, आणि म्हटलं, "छान आलाय."

दुसऱ्या दिवशी बाबा स्वतः नानांच्या कारखान्यावर गेले. आले ते पेढा घेऊन. फाल्गुनात परदेशी जाणारी चारशे मूर्तींची खेप होती, नानांची सगळ्यात मोठी, आणि नानांनी ह्या वर्षी आखणीसाठी हमरापूरचा एक माणूस बघून ठेवला होता. बाबांनी त्यांना सांगितलं, चारशेही माझ्याकडे पाठवा.

"त्याला नाही म्हणून कळवलं नानाने," बाबा म्हणाले. "माझ्यासमोर फोन केला."

ती रात्रभर मी हिशेब घालत राहिले. चारशे मूर्ती इथे आल्या, तर दुपारी एवढ्या पुसून होणार नाहीत. देवाचे डोळे एकदा उघडले की आमच्यात पुसत नाहीत. आणि त्या कारखान्यातच करायच्या ठरल्या, तर मी तिथे असणारच नाही. कुठूनही धरलं तरी टोक माझ्याच हातात येत होतं, आणि ओढलं की बाबाच उसवणार होते.

माघातल्या एका रविवारी सकाळी डॉक्टर फौज न्यायला आले. बरोबर नाना, फाल्गुनाच्या मूर्ती कधी पाठवायच्या ते ठरवायला. डॉक्टरांनी पहिला डबाही परत आणला होता. तो काखेत धरूनच ते आत आले.

बाबांनी तीनशे शिपाई पडवीत पाटांवर रांगेने मांडले होते. नवा सदरा घातला होता. बटणं मी लावलेली.

डॉक्टर खाली वाकले. डावीकडे सरकले, उजवीकडे सरकले, पुन्हा मधे आले.

"गंमतच आहे," ते म्हणाले. "काका, हे सगळे माझ्याकडेच बघतायत."

"बघणारच," नाना म्हणाले. "दामूची नजर आहे ती. कुठेही उभे राहा."

"नाही, सुंदर आहेत. प्रश्नच नाही. पण किती मायेने बघतायत. ही माणसं लढायला निघालीत की आशीर्वाद द्यायला? आमचे सबनीस ह्यांच्यासमोर तोफा लावायच्या ऐवजी नारळ ठेवतील."

नाना मोठ्याने हसले. बाबाही हसले.

"मला खरं तर हे हवेत," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी पहिला डबा उघडला.

एकेक करून त्यांनी ते चाळीस तीनशेंच्या पुढ्यात उभे केले. मांडता मांडता बोलत होते. "हे बघा. हा बघा. ह्याचा एक डोळा शत्रूकडे आणि दुसरा पळायला वाट शोधतोय. ह्याला तर कुठे बघावं तेच कळत नाही. पंधरा वर्षं मी हा खेळ खेळतोय काका, सगळ्यांच्या फौजा बघितल्यात, सगळे शिपाई आपले फोटो काढायला उभे राहिल्यासारखे. घाबरलेला शिपाई मी पहिल्यांदा पाहिला. सबनीसांनी त्या रविवारी ह्यांच्यावर गोळीच चालवली नाही. म्हणाले, ह्यांना घरी जाऊ दे. काका, हे तुम्ही कसं केलंत?"

बाबा खाली वाकले. ते पाटाकडे बघत होते. मागे तीनशे, पुढे चाळीस. त्यांनी भिंग मागितलं नाही. तीस वर्षं ज्याने डोळेच काढले, त्याला एवढ्या जवळून दोन हात ओळखायला भिंग लागत नाही.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. जत्रेत हात सुटल्यावर मूल गर्दीकडे बघतं, तसे ते माझ्याकडे बघत होते. मी मान खाली घातली.

"आणखी दोनशे येतायत," डॉक्टर सांगत होते. "घोडदळही आहे. सगळे ह्या चाळीसांसारखे करा. आणि हे तीनशे, शक्य असलं तर, त्यांचेही डोळे बदलून द्या. त्रास होईल, मला कळतं."

"दामूला कसला त्रास," नाना म्हणाले. "चारशे गणपती घेतलेत त्याने फाल्गुनाचे. ह्या वयात. हात बघा की त्याचा."

"एक काढून दाखवाल?" डॉक्टर उकिडवे बसले. "माझ्यासमोर. मला बघायचंय हो, ही भीती येते कुठून."

पाटाच्या कडेला एक शिपाई मी कालच पुसून ठेवला होता, पापणी बिघडली म्हणून. डॉक्टरांनी तोच उचलून बाबांपुढे धरला.

"बाबा, आधी चहा घ्या," मी म्हटलं. "डॉक्टर, दुधाचा आणू की..."

"राहू दे गो," बाबा म्हणाले.

नाना आल्यापासून पुन्हा काखेत गेलेला हात त्यांनी बाहेर काढला. कुंचली घेतली, काळ्यात बुडवली. डाव्या हाताने मनगट धरलं नाही. नाना भिंतीला टेकून बसले होते, ते पुढे झाले. डॉक्टरांनी चष्मा वर केला. बाहेर कुणीतरी सायकलची घंटा वाजवत गेलं, आणि पडवीत एवढी शांतता होती की कुंचलीची दांडी बाबांच्या अंगठीवर वाजत होती, ती मला ऐकू आली. टिक, टिक, टिक.

टोक चेहऱ्याला टेकलं. पहिला डोळा नाकाच्या मुळाशी पडला. दुसऱ्याची रेघ सुरू झाली आणि घसरत कपाळावर गेली, टोपीच्या कडेला जाऊन थांबली. बुबुळ एका बाजूला सांडलं.

"अगदी हेच," डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाले. "हे बघा नाना, कसा घाबरलाय बिचारा. काका, हे तुम्हाला देवाचं देणंच आहे."

नाना शिपायाकडे बघत नव्हते. ते बाबांच्या हाताकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू निघायचं विसरल्यासारखं तसंच राहिलं होतं. मग त्यांनी मान वळवली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागले. बाबांनी ते पाहिलं. अजूनही गप्प बसता आलं असतं. डॉक्टर खूश होते, दोनशे शिपाई येणार होते, आणि नानांनी काही विचारलं नसतं. नाना तसे नव्हते. आठवड्याने निरोप आला असता की ह्या वर्षी खेप लांबली.

बाबांनी कुंचली टर्पेंटाइनमध्ये धुतली. फडक्याने टिपली, टोक बोटांनी जुळवलं, डबीत नीट ठेवली. तो शिपाई त्यांनी चाळीसांच्या रांगेत नेऊन उभा केला. पहिल्या वेळी तो पडला. दुसऱ्यांदा उभा राहिला.

"हे एक्केचाळीस माझे," ते डॉक्टरांना म्हणाले. "मागचे तीनशे हिचे. माझ्या लेकीचे. मी सकाळी काढायचो, ती दुपारी पुसून काढायची. मला आता कळलं."

"अहो, पण मला तर तुमचेच..."

"ऐका डॉक्टर. तुम्ही चांगले माणूस आहात, म्हणून सांगतो. आणि नाना, तूही ऐक, भिंतीकडे नको बघू." त्यांनी उजवा हात पुढे केला, पाटावर, शिपायांच्या वर, सगळ्यांना दिसेल असा उघडा धरला. "हे शिपाई घाबरलेले नाहीत. माझा हात कापतो."